ग्रुपवर ‘वीस प्रश्नांत ओळखा’ खेळताय? या चुका टाळा

खेळ इतका सोपा आहे की त्याचे नियम ठरवायची गरज कुणालाच वाटत नाही, आणि सगळी बोंब तिथूनच सुरू होते. एकाने मनात काहीतरी धरायचं. बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. वीस प्रश्नांत ओळखलं तर ओळखणारे जिंकले, नाहीतर धरणारा. समोरासमोर बसून खेळताना हे आपोआप जमतं. कुणी गोंधळ घातला की बाकीचे लगेच ओरडतात, चेहरे दिसतात, धरणारा अडखळला की कळतं. ग्रुपवर यातलं काहीच नसतं. तिथे नुसते मेसेज असतात, आणि तेही एकमेकांच्या अंगावर पडलेले.

मी हा खेळ बऱ्याच ग्रुपांवर खेळते आणि खेळण्यापेक्षा जास्त वेळ पंच होऊन भांडणं सोडवते. भांडणांची कारणं दरवेळी तीच. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. पुढच्या वेळी कुणी ‘आमचा डाव सारखा का मोडतो?’ असं विचारलं की हेच पुढे सरकवेन.

तिसऱ्याच प्रश्नाला नाव ठोकणं

नवख्या भिडूंची ही सगळ्यात लाडकी चूक. पहिला प्रश्न, ‘सजीव आहे का?’ हो. दुसरा, ‘प्राणी आहे का?’ हो. तिसरा, ‘हत्ती?’

अरे, का? हत्तीच का? आणि एकाने ‘हत्ती’ म्हटलं की बाकीच्यांचा धीर सुटतो. वाघ? जिराफ? मगर? बघता बघता चौघांनी मिळून चार प्रश्न जाळलेले असतात आणि हाती काय, तर जगातल्या सगळ्या प्राण्यांमधून चार नावं कमी झाली.

वीस प्रश्न हे फार मोठं भांडवल आहे, पण ते कसं खर्च करता त्यावर सगळं आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता बरोबर निम्म्या होत गेल्या, तर वीस प्रश्नांत 10,48,576 गोष्टींमधून एक गोष्ट वेगळी काढता येते. दहा लाखांहून जास्त! एवढे शब्द ग्रुपमधल्या सगळ्यांना मिळूनसुद्धा माहीत नसतील. म्हणजे वीस प्रश्न कमी पडले ही तक्रारच मुळात खोटी असते. कमी पडतात ते चांगले प्रश्न.

माहिती मोजायची रीत गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 मध्ये मांडली. तिच्या हिशेबाने ज्या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ येण्याची शक्यता सारखी, त्याच्या उत्तरातून एक पूर्ण बिट (हे माहिती मोजायचं एकक) माहिती मिळते. ‘हो’ची शक्यता चारात एक असेल तर 0.81 बिट. दहात एक असेल तर 0.47. आणि शंभरात एक असेल तर फक्त 0.08. ‘हत्ती?’ हा शंभरात एकवाला प्रश्न झाला, तोही हत्तीवर मेहेरबानी करून. असे डझनभर तुक्के मारावेत तेव्हा कुठे एका धड प्रश्नाइतकी माहिती जमते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती अतिशहाण्यांसाठी. चारात एकवाला प्रश्नसुद्धा 0.81 देतो. तेव्हा काटेकोर निम्मे भाग पाडणारा प्रश्न शोधत दहा मिनिटं ग्रुप ताटकळत ठेवू नका. साधारण अर्धं, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, काहीही चालतं. ‘पाण्यात राहतो का?’, ‘पाठीला कणा असतो का?’, ‘माणसापेक्षा मोठा असतो का?’ असे साधे प्रश्न पटापट विचारा. डाव हलता राहिला पाहिजे.

माझी सवय अशी की पंधराव्या प्रश्नापर्यंत मी कुठलंही नाव घेत नाही. कितीही खात्री वाटली तरी नाही. खात्री वाटली की त्या खात्रीचा प्रश्न करते. ‘पेंग्विन’ मनात आलं तर विचारते, ‘पक्षी असून उडत नाही, असं आहे का?’ ‘हो’ आलं तर पेंग्विनबरोबर शहामृग, इमू, किवी हेही जिवंत राहिले आणि बाकी सगळे उडणारे बाद. ‘नाही’ आलं तर पेंग्विनसकट हे सगळे एका फटक्यात गेले. पेंग्विनचं नाव घेऊन फक्त पेंग्विन गेला असता.

अडचण अशी की तुक्का कधीकधी लागतो. कुणाचं तरी तिसऱ्याच प्रश्नाला बरोबर येतं, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडतो, आणि मग तो भिडू कायमचा बिघडतो. त्याला पुढचे सगळे वाया गेलेले डाव आठवत नाहीत, तो एकच आठवतो. अशांसाठी आमच्याकडे नियमच आहे: नाव घेणं हाही एक प्रश्न धरला जातो, आणि नाव चुकलं तर त्या भिडूचा पुढचा नंबर जातो. दोन डावांत माणूस ताळ्यावर येतो.

दुसऱ्या टोकाला वर्णमालावाले. ‘नावाचं पहिलं अक्षर क ते न यांच्यात आहे का?’ मग ‘क ते च?’, मग ‘क किंवा ख?’ असं चिरत जायचं. गणिताने हे बरोबर आहे, मान्य. नियमातही बसतं. पण यात धरलेल्या गोष्टीबद्दल कुणी काही विचार केला का? शब्दकोशाची पानं उलटल्यासारखा डाव होतो आणि पाच मिनिटांत सगळे जांभया देतात. मला ही पळवाट आवडत नाही आणि मी पंच असले तर अक्षरांवरचा प्रश्न चालू देत नाही. ज्यांना तो चालवायचा असेल त्यांनी आकडा ओळखायचा खेळ खेळावा, तिथे हीच रीत शोभते. व्यक्ती ओळखायची असेल तेव्हा ‘जन्म 1900 च्या आधीचा का?’ हा प्रश्न मात्र मला चालतो. वर्ष ही त्या माणसाची खरी खूण आहे.

अंदाजपंचे उत्तर देणं

तुक्क्यांनी डाव लांबतो. हिने डाव मरतो. आणि ही चूक विचारणाऱ्यांची नाही, ज्याच्यावर राज्य आहे त्याची आहे. सगळ्यांना वाटतं की प्रश्न विचारणं अवघड आणि ‘हो-नाही’ म्हणणं सोपं. उलट आहे. विचारणारे पाच-सहा असतात, एकाचं चुकलं तर दुसरा सावरतो. उत्तर देणारा एकटा, आणि त्याचं एक उत्तर चुकलं तर सावरणारं कुणी नाही.

एक डाव सांगते. एका मैत्रिणीवर राज्य होतं. पहिला प्रश्न, ‘प्राणी आहे का?’ लगेच उत्तर, ‘नाही’. दुसरा, ‘वनस्पती आहे का?’ इथे बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं. मग ‘हो’. तेव्हाच कुणीतरी हटकायला हवं होतं, पण सगळे पुढच्या प्रश्नाच्या घाईत.

जमिनीवर वाढतं का? नाही. गोड्या पाण्यात? नाही. म्हणजे समुद्र. फांद्या असतात का? हो. पानं? नाही. फुलं येतात? नाही. मुळं असतात? ‘तळाला चिकटलेलं असतं, म्हणजे हो’. ग्रुपमध्ये जीवशास्त्र शिकलेली एक मुलगी होती. तिने पुढाकार घेतला आणि बिचारीने समुद्री शेवाळांचे प्रकार एकेक करून विचारले. हिरवं? तांबडं? तपकिरी? धरणारीची उत्तरं आली ‘असू शकतं’, ‘असू शकतं’, ‘बहुतेक’. मग कुणीतरी विचारलं, ‘हाताला कठीण लागतं का?’ उत्तर, ‘हो, खूप’. झालं. समुद्रात वाढणारी, फांद्या असलेली, पानं-फुलं नसलेली, दगडासारखी कठीण वनस्पती कोणती? सगळे गप्प. एकाने गुपचूप गुगल करून लांबलचक लॅटिन नावाचं काहीतरी आणलं, तेही चुकलं. वीस प्रश्न संपले.

उत्तर होतं प्रवाळ.

मग जे सुरू झालं ते मध्यरात्रीपर्यंत चाललं. जीवशास्त्रवाली भडकली: ‘प्रवाळ प्राणी आहे!’ धरणारी म्हणाली, ‘हलत नाही, फांद्या आहेत, एका जागी उगवतं, मग प्राणी कसा?’ तिसरा म्हणाला, ‘पोवळं अंगठीत घालतात, ते खनिजात धरायला हवं होतं.’ चौथ्याने कुठूनतरी वाचून टाकलं की प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेव्हा ते अर्धी वनस्पतीच. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं आणि म्हणूनच भांडण मिटेना. दोघांनी रागारागाने ग्रुप सोडला आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

निकाल मात्र सरळ आहे. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. आपल्याला दिसतो तो कठीण भाग म्हणजे त्यांनी तयार केलेला कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा. शैवाल त्यांच्या शरीरात राहतं हे खरं, पण म्हणून पॉलिप वनस्पती होत नाही. पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ हवं होतं. ते ‘नाही’ आलं आणि खरं उत्तर तिथेच बाद झालं. त्यानंतरची जवळजवळ सगळी उत्तरं खरी होती, आणि तरी एकाचाही उपयोग नव्हता.

एका चुकीच्या उत्तराची किंमत किती, याचा हिशेब गणितज्ञांनी करून ठेवलाय. स्टॅनिस्लॉ उलामने 1976 मध्ये आपल्या आत्मचरित्रात प्रश्न टाकला: समोरच्याने दहा लाखांपर्यंतचा एक आकडा मनात धरलाय आणि तो एकदा खोटं बोलू शकतो, तर किती प्रश्न लागतील? कुणीच खोटं बोलत नसेल तर वीस पुरतात. आंजेय पेल्क यांनी 1987 मध्ये दाखवलं की एका खोट्याची मुभा दिली तर 25 लागतात. म्हणजे एका खोट्याला पाच जादा प्रश्न, आणि तेही विचारणाऱ्याला आधीपासून माहीत असेल आणि तो चोख खेळत असेल तर. आपल्या ग्रुपवर कुणाला काही माहीत नसतं, आणि चोख तर कुणीच खेळत नाही.

तर राज्य घेणाऱ्यांनो, मी काय करते ते सांगते. शब्द ठरला की ‘धरलं’ असा मेसेज टाकायच्या आधी मी स्वतःलाच हमखास येणारे प्रश्न विचारते. प्राणी, वनस्पती की निर्जीव? निसर्गातलं की माणसाने केलेलं? हातात मावेल का? आज अस्तित्वात आहे का? जगात एकच आहे की अनेक? यातल्या एकावरही अडखळले तर शोधून वाचते. वाचूनही अडखळले तर शब्द सोडून देते. शब्दांचा दुष्काळ नाही. कोळी हा कीटक नाही (आठ पाय असतात), वटवाघूळ पक्षी नाही, बुरशी वनस्पती नाही. हे शाळेत शिकलेलं असतं, पण उत्तर द्यायच्या घाईत भलेभले घसरतात.

दुसरं, उत्तरं तीनच ठेवायची: ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठरवता येत नाही’. ‘असू शकतं’, ‘तसं म्हटलं तर हो’, ‘अर्धं बरोबर’ हे सगळं बंद. ‘ठरवता येत नाही’ असं उत्तर आलं तर तो प्रश्न मोजायचा नाही. अकिनेटर नावाचा ओळखण्याचा खेळ 2007 पासून इंटरनेटवर आहे. त्यात ‘बहुधा’ आणि ‘बहुधा नाही’ हेही पर्याय असतात, पण त्यामागे असंख्य खेळाडूंच्या उत्तरांचा साठा आहे. आपल्यामागे पाच मित्र आणि एक कमकुवत नेटवर्क आहे.

आणि चूक लक्षात आली तर तिथल्या तिथे सांगा: ‘प्रश्न 2 चं उत्तर चुकलं, “हो”च्या जागी “नाही” धरा.’ मधले सगळे प्रश्न परत द्या. बहुतेक लोक लाजेने गप्प बसतात आणि मग ती एक चूक झाकायला पुढची उत्तरं वाकवत जातात. हा रडीचा डाव झाला, मग हेतू कितीही साधा असो.

विचारणाऱ्यांचाही थोडा दोष होताच. उत्तरं एकमेकांशी जुळेनाशी झाली, की नवीन प्रश्न न टाकता जुनं उत्तर दुसऱ्या बाजूने तपासायचं असतं. ‘कठीण, फांद्यांची समुद्री वनस्पती’ इथवर आल्यावर कुणी ‘ते दुसरे जीव पकडून खातं का?’ एवढं विचारलं असतं तरी धरणारीला शोधावं लागलं असतं, आणि सगळा उलगडा झाला असता. एक प्रश्न गेला असता, बाकीचे वाचले असते.

कुणाचा ‘हो’ कुणाला

‘माणूस आहे का?’ ‘हयात आहे का?’ ‘बाई आहे का?’ तीन जणांचे तीन मेसेज एकाच क्षणाला येतात. खाली एक ‘हो’. तिघांनाही वाटतं तो आपल्याला. पुढची दहा मिनिटं सगळा ग्रुप एका हयात बाईला शोधतो, आणि धरणाऱ्याच्या मनात असतो शंभर वर्षांपूर्वी गेलेला पुरुष. त्याने फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. बाकीचे दोन प्रश्न त्याच्या फोनवर पोचले तोवर त्याने ‘हो’ टाइप करून पाठवलेलं असतं. दोष कुणाचा? कुणाचाच नाही, आणि म्हणून भांडण जास्त.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: प्रश्नाला आकडा द्यायचा आणि उत्तर त्याच मेसेजला रिप्लाय करून द्यायचं. ‘7. पंख आहेत का?’ त्यालाच रिप्लाय, ‘7. नाही’. एका वेळी एकच प्रश्न उघडा. उत्तर आल्याशिवाय पुढचा टाकला तर तो मोजायचा, पण त्याचं उत्तर द्यायचं नाही. हे मी सुचवलं की नवे लोक म्हणतात, ‘एवढं काय, खेळच तर आहे.’ पहिल्या भांडणानंतर तेच लोक आकडे टाकायला लागतात.

उत्तर म्हणून अंगठा दाखवू नका. अंगठा म्हणजे ‘हो’ की ‘वाचलं’ की ‘प्रश्न छान आहे’?

पाठवलेलं उत्तर एडिट किंवा डिलीट करायचं नाही. चुकलं तर नवीन मेसेज. ‘नाही’ला गुपचूप ‘हो’ केलेलं कुणाच्या लक्षात येतं, कुणाच्या नाही, आणि अर्धा ग्रुप एका डावात आणि अर्धा दुसऱ्याच डावात असतो.

ग्रुप मोठा असेल, दहा-बाराच्या वर, तर मी सरळ एक कर्णधार नेमते. सगळ्यांनी बाजूला चर्चा करायची, प्रश्न फक्त कर्णधाराने टाकायचा. हौशी लोकांना हे हुकूमशाहीसारखं वाटतं. वाटू दे.

शब्द आधी न नोंदवणं

समोरासमोर खेळताना कागदावर लिहून पालथा ठेवता येतो. ऑनलाइन मनातला शब्द मनातच राहतो, आणि चौदाव्या प्रश्नाला विचारणारे जवळ आले की काही जणांच्या मनातली ‘मांजर’ अलगद ‘बिबट्या’ होते. सगळी आधीची उत्तरं दोघांनाही लागू पडतात, मग कुणाला कळणार?

कळत नाही हेच खरं, आणि याचा एक गमतीदार पुरावा आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर अशा एका डावाची गोष्ट सांगायचे. ते खोलीबाहेर गेले आणि आतल्या मित्रांनी ठरवलं की कुठलाच शब्द धरायचा नाही. प्रत्येकाने वाटेल ते उत्तर द्यायचं, अट एकच, ते आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळलं पाहिजे. व्हीलर विचारत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की उत्तर द्यायला लोक जास्त जास्त वेळ घेतायत. शेवटी त्यांनी ‘ढग’ म्हटलं, सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं आणि हशा पिकला. शब्द नसतानाही डाव शेवटाला गेला! क्वांटम भौतिकीत निरीक्षणाचा अर्थ समजावायला ते ही गोष्ट वापरायचे. मला तिचा उपयोग वेगळा आहे. धरणारा सोप्या प्रश्नालाही फार वेळ लावायला लागला, की तो शब्द बदलत असण्याची शक्यता मी मनात धरते.

ठरवून, सगळ्यांना सांगून असं खेळायचं असेल तर तो छान खेळ आहे, जरूर खेळा. चोरून खेळलात तर ती फसवणूक.

उपाय सोपा. खेळत नसलेल्या एका माणसाला शब्द आधी पाठवून ठेवा. 1946 मध्ये अमेरिकेत हा खेळ रेडिओवर आला तेव्हाही अशीच सोय होती: ओळखणाऱ्यांना ऐकू न जाता श्रोत्यांना शब्द आधीच सांगितला जायचा. ऐकणाऱ्यांना उत्तर माहीत असल्यामुळे मजाही यायची आणि उत्तरांवर पहाराही राहायचा. ग्रुपवर तो पहारेकरी पंच असतो. पंच नसेल तर टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर शब्द स्पॉयलरमध्ये (बोट लावल्यावरच दिसेल असा) झाकून टाकता येतो, पण त्यावर बोट न लावण्याइतका संयम सगळ्यांकडे असेल असं मी धरत नाही. संगणकवाले मित्र शब्दाला मनाला येतील तसे बरेच आकडे जोडून त्याचा हॅश (मजकुरावरून बनणारी खूण, तिच्यावरून मजकूर उलटा काढता येत नाही) आधी ग्रुपवर टाकतात आणि शेवटी मूळ मजकूर उघड करतात. बिनतोड रीत आहे, फक्त आकडे जोडायला विसरू नका. नुसत्या शब्दाचा हॅश असेल तर कुणीही शब्दांची यादी चालवून तो फोडेल, आणि आमच्या ग्रुपवर एकाने फोडलाच होता.

बाकीच्या, थोडक्यात

नकारार्थी प्रश्न. ‘तो हयात नाही ना?’ याला ‘हो’ आलं तर माणूस मेलाय की जिवंत आहे? प्रश्न सरळ विचारा: ‘हयात आहे का?’

‘किंवा’ असलेला प्रश्न चालतो, पण धरणाऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचं. ‘लाल किंवा पिवळं आहे का?’ याला ‘लाल’ असं उत्तर देणारे दयाळू लोक डाव फुकट संपवतात.

‘मोठं आहे का?’, ‘प्रसिद्ध आहे का?’, ‘सुंदर आहे का?’ हे प्रश्नच नाहीत. कशापेक्षा मोठं? कुणाला प्रसिद्ध? माप द्या: ‘दारातून आत येईल का?’, ‘या ग्रुपमधल्या सगळ्यांनी नाव ऐकलेलं असेल का?’

खासगी गोष्टी धरणं. तुमची जुनी सायकल, तुमच्या शेजारचा कुत्रा. ते कुणी ओळखणार नाही आणि ओळखू नये.

‘प्रेम’, ‘काळ’, ‘शून्य’ असल्या अमूर्त गोष्टी नवख्यांनी धरू नयेत. धरणाऱ्याला वाटतं आपण फार खोल काहीतरी धरलंय. प्रत्यक्षात दर दुसऱ्या प्रश्नाला ‘ठरवता येत नाही’ असं म्हणावं लागतं.

वर न वाचता प्रश्न टाकणं. उशिरा आलेला भिडू सहावा प्रश्न तेरावा म्हणून परत विचारतो. यासाठी पंचाने दर पाच प्रश्नांनी सारांश टाकावा: ‘निर्जीव, माणसाने केलेलं, घरात असतं, वीज लागत नाही, हातात मावत नाही.’ तो मेसेज पिन करा. हे काम फार कमी लोक करतात आणि खरं तर याच्याइतका फायदा कशाचाच होत नाही, कारण सारांश समोर दिसला की आपण काय अजून विचारलं नाही ते आपोआप दिसतं.

‘जवळ आलात!’, ‘अरे, इतकं सोपं!’ असं धरणाऱ्याने बोलायचं नाही. हसरे चेहरेही नकोत. तुम्हाला वाटतं आपण वातावरण हलकं ठेवतोय. विचारणारे तुमच्या चेहऱ्यांवरून उत्तर काढत असतात.

मधेच चॅटबॉटला विचारणं. सतरा उत्तरं कॉपी करून तिकडे टाकायची आणि इकडे ऐटीत नाव सांगायचं. अशा माणसाला मी एवढंच विचारते की मग तू खेळतोयस कशाला. उत्तर आजवर मिळालेलं नाही. डाव संपल्यावर टाकून बघा हवं तर, तेव्हा मजा येते.

राज्य घेऊन गायब होणं. जेवायला गेले, झोप लागली, मीटिंग आली. ज्याच्याकडे अर्धा तास सलग नाही त्याने राज्य घेऊ नये. किंवा आधीच सांगावं की हा सावकाश डाव आहे, उत्तरं दिवसभरात येतील. सावकाश डाव मला तर जास्त आवडतात, प्रश्न विचारपूर्वक येतात. पण ते आधी ठरलेलं हवं.

आणि शेवटी, वीस प्रश्न संपले की शब्द लगेच सांगायचा. ‘उद्या सांगते, विचार करा’ हे चालणार नाही, कारण उद्या कुणी विचार करत नाही, फक्त चिडतात. शब्दाबरोबर जी उत्तरं वादाची होती त्यांचं स्पष्टीकरणही द्या, दोन ओळींत. वाद उरलाच तर पंचाचा निकाल अंतिम, आणि पंचाशी वाद घालणाऱ्यावर पुढचं राज्य. शब्द ओळखला गेला असेल तर राज्य ओळखणाऱ्यावर. कुणीच ओळखला नसेल तर धरणाऱ्याला आणखी एक डाव, त्यानंतर मात्र दुसऱ्याचा नंबर, कारण एकच माणूस सलग तीन डाव जिंकला की बाकीचे हळूहळू ग्रुप म्यूट करायला लागतात.